अर्धा तुकडा माझ्याकडे आहे

माझ्या गाइडने मला फसवलं. माझ्या स्फटिकांत जे सापडलं त्याला आधी सगळ्यांसमोर माझ्या हाताची घाण म्हटलं, आणि नंतर तेच स्वतःची कल्पना म्हणून छापलं. छापताना त्यात काय मिसळलेलं होतं तेही खोटं लिहिलं. प्रकरण एवढंच आहे.

आता बैठकीचं सांगते.

मुंबईतल्या एका मोठ्या संस्थेत मी पीएच.डी. करत होते. सोमवारी सकाळी सगळ्या विद्यार्थ्यांची बैठक असायची. त्या दिवशी पडद्यावर माझा ग्राफ होता. स्फटिक थंड करत नेला की त्याचा विजेला होणारा रोध कमी होत जायला हवा. माझी रेघ खाली आली, खाली आली, आणि तळाशी पोचल्यावर पुन्हा वर वळली.

"हे काय आहे?" सरांनी, म्हणजे माझ्या गाइडने, विचारलं.

"रोध वाढतोय सर. अगदी थंडीत."

"ते मला दिसतंय. का वाढतोय?"

"अजून कळलं नाही सर. परत मोजते."

"मोजून काय होणार? आधी हात धू."

कोणीतरी हसलं. मला वाटलं सर गंमत करताहेत. मीही हसले. ते माझं हसणं मला अजून टोचतं.

"हसतेस काय? खरंच सांगतोय. ऊठ. कोपरापर्यंत हात धू आणि मग येऊन बस. धसईच्या बाजारातून थेट लॅबमध्ये आलीस का? तुम्हा लोकांना स्वच्छतेचं वळण लावायचं म्हणजे..."

वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. गरज नव्हती. खोलीतल्या सगळ्यांनी ते मनात पूर्ण केलं.

बेसिन त्याच खोलीत होतं, मागच्या भिंतीला. मी उठले. नळ सोडला. खोलीत फक्त पाण्याचा आवाज. साबण लावला, कोपरापर्यंत धुतलं. पुसायला काही नव्हतं. ओले हात मांडीवर ठेवून परत जागेवर बसले. पडद्यावर माझा ग्राफ तसाच.

"हा सगळा लॉट फेकून दे," सर म्हणाले. "पुढचा कोण?"

दुसऱ्या दिवसापासून माझा चिमटा वेगळा झाला. त्याला लाल पट्टी चिकटवली. स्फटिक सुकवायची बरणी वेगळी, तिलाही लाल पट्टी. पण आर्सेनिक कुटायचं काम माझंच राहिलं. आमचा स्फटिक कॅडमियम आणि आर्सेनिकचा. आर्सेनिक म्हणजे विष. ते कुटायला, तोलायला, नळीत भरायला माझे हात चालत होते. तिथं कोणी मला हात धुवून ये म्हणालं नाही.

घरी हे सांगितलं नाही. वेगळ्या भांड्याचा अर्थ आईला समजावून सांगावा लागला नसता.

आमचं गाव मुरबाड तालुक्यात, धसईपासून जवळ. आमचं घर बौद्ध. वडील मी लहान असताना गेले. आई धसईच्या बाजारात तांदूळ, वाल, भाजी विकायची आणि मी तिच्या शेजारी बसायची. अभ्यास तिथंच. घासाघीसही तिथंच शिकले. गिऱ्हाइकाचा हात बघायचा, तोंड नाही. माल खाली ठेवला आणि बोटं अजून त्यावरच असली तर तो घेणार. एका व्यापाऱ्याने एकदा आईचा तांदूळ नेला आणि आठवड्याने येऊन भर बाजारात ओरडला, की तुझ्या मालात भेसळ निघाली. आईकडे दाखवायला काही नव्हतं. तेव्हापासून तिने नेम केला. प्रत्येक पोत्यातली मूठभर फडक्यात बांधून मागं ठेवायची. वानगी.

"उद्या तो म्हनंल माल दुसराच व्हता," ती म्हणायची. "आपली मूठ आपल्याकडं पायजे गो."

ही सवय मी लॅबमध्येही नेली. विचार करून नव्हे, हाताला लागलेली होती म्हणून. भट्टीतून नळी काढली, फोडली, स्फटिक हातात आला की त्याचे दोन तुकडे करायचे. एक मोजायला, एक मागं. सरांनी फेकून दे म्हटलेला लॉट मी फेकला नाही. अर्धे तुकडे लॅबमधल्या माझ्या लाल पट्टीच्या बरणीत ठेवले आणि अर्धे घट्ट झाकणाच्या बाटल्यांत घालून घरी नेले.

आईने बाटली उजेडात धरली. "काय हाय ह्ये? चांदी?"

"विष आहे. उघडू नकोस."

"मंग घरात कशाला आनलं?"

"वानगी आहे."

"मंग ठेव," ती म्हणाली, आणि फळीवरचे डबे हलवून वर कोपऱ्यात जागा करून दिली.

या स्फटिकात एवढं काय आहे ते सांगते. ते कळल्याशिवाय माझं काय चोरलं गेलं ते कळणार नाही. याला टोपॉलॉजिकल सेमिमेटल म्हणतात. यात इलेक्ट्रॉन असा पळतो की जणू त्याला वजनच नाही. आणि त्याची एक खोड आहे, तो सहसा मागं फिरत नाही. प्रत्येक इलेक्ट्रॉनला स्वतःची फिरकी असते. इथं ती फिरकी त्याच्या जाण्याच्या दिशेला बांधलेली असते. मागं फिरायचं तर फिरकी उलटायला हवी, आणि साध्या अडथळ्याला ती उलटवता येत नाही. वाटेत एखादा परका अणू असला, एखादी जागा रिकामी असली, तरी इलेक्ट्रॉन बाजूने निघून जातो. चुंबकी अणूचं मात्र वेगळं. त्याची स्वतःची फिरकी असते. तो इलेक्ट्रॉनशी अदलाबदल करतो, तुझी मला दे, माझी तू घे. सौदा झाला की इलेक्ट्रॉनची फिरकी उलटी आणि त्याचं तोंडही उलटं. उष्णतेत सगळेच थरथरत असतात, तेव्हा हे फारसं दिसत नाही. थंडी वाढत गेली की त्या अणूची पकड वाढते, आणि खाली आलेला रोध पुन्हा वर चढतो.

आईने एकदा विचारलं, तू तिथं नेमकं करतेस काय. मी म्हटलं, "बाजारात रस्त्यात दगड असला तर तू काय करतेस? वळसा घालून जातेस. आणि कोणी आडवं येऊन आडनाव विचारलं, तर आपण कुठं चाललो होतो तेच विसरतेस. ते आडनाव विचारणारे अणू मी शोधते."

"इसरत नाय गो," आई म्हणाली. "परत फिरते."

ती हे बोलली आणि मला रात्रंदिवस काही सुचेना. माझ्या स्फटिकात साधी घाण असती तर इलेक्ट्रॉन वळसा घालून गेले असते. हे तर परत फिरत होते. माझ्या हाताचा घाम, माझ्या गावची माती, काहीही असो, त्याने रेघ अशी वळत नाही. हे दाखवायचं तर चुंबक हवा. मोठं चुंबकी क्षेत्र लावलं की त्या परक्या अणूंच्या फिरक्या एका बाजूला धरून ठेवल्या जातात, त्यांना सौदा करता येत नाही. मग रेघेचं ते वर वळणं दबायला हवं.

चुंबकाचं यंत्र निनादकडे होतं. निनाद माझ्याबरोबरचा, सरांचा लाडका. माणूस वाईट नव्हता. भित्रा होता.

"माझा तुकडा घाल ना यात," मी म्हटलं.

"सरांना विचारलंस?"

"तू घाल. तुझ्या क्वार्ट्झच्या नळ्या मी सील करून देते."

"सगळ्या?"

"अर्ध्या."

"सगळ्या."

"बरं, सगळ्या. पण आजच."

ग्राफ आला तेव्हा आम्ही दोघं यंत्रासमोर उभे होतो. चुंबक नसताना रेघ वर. चुंबक वाढवत नेला तशी ती दबत गेली, आडवी झाली.

"आयला," निनाद म्हणाला. "ही घाण नाहीये."

"घाणीला चुंबकाचं काय पडलंय?" मी म्हटलं. आणि का कोण जाणे, मी माझ्या हातांकडे बघितलं.

पुढचे महिने मला बसवत नव्हतं. खाताना उठायची, झोपेतून उठायची. जुन्या बाटलीतलं कॅडमियम घेऊन स्फटिक केले, नव्या बाटलीतलं घेऊन केले. हात तेच, चिमटा तोच. जुन्या बाटलीच्या स्फटिकांची रेघ सरळ. नव्या बाटलीच्या सगळ्यांची वर वळलेली. म्हणजे ते चुंबकी अणू कॅडमियमबरोबर नव्या बाटलीतून येत होते. नवी बाटली सरांनी स्वतः मागवली होती, नेहमीचा विक्रेता सोडून दुसऱ्याकडून.

सगळे ग्राफ घेऊन मी त्यांच्या केबिनमध्ये गेले. वाटलं होतं, आता हे म्हणतील की मी चुकलो. ते एकेक कागद उलटत गेले. चुंबकाच्या ग्राफवर त्यांचं बोट थांबलं. कागद खाली ठेवला, बोट तिथंच राहिलं. माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

"तुकडे सगळे माझ्याकडे आणून दे," ते म्हणाले.

बरणीतले सगळे दिले. घरच्या फळीवरचे त्यांनी विचारले नाहीत, मी सांगितले नाहीत.

नंतर एके दिवशी बोलावणं आलं. सर हसतमुख. बस म्हणाले. चहा मागवला.

"यावर पेपर होतोय. निनाद लिहितोय. तुझे आभार मानू शेवटी."

"आभार? स्फटिक माझे, कल्पना माझी, सर."

"बरं, तिसरं नाव टाकू."

"पहिलं."

"दुसरं. आणि परदेशी जाण्यासाठी असं पत्र देतो की कुठेही घेतील."

बाजारात बसलेल्या माणसाला हे लगेच कळतं. मी एक शब्द बोलले आणि यांनी भाव चढवला. दुसरा बोलले, आणखी चढवला. म्हणजे मालाची खरी किंमत यांना पहिल्यापासून ठाऊक होती. आभारांवर उरकत होते तेव्हाही.

"आणि माझ्याकडून काय हवंय?" मी विचारलं.

"काही नाही. एक छोटं निवेदन. की मी सांगितल्यावरून तू त्यात मुद्दाम लोखंड मिसळलंस. कॅडमियमच्या बाटलीच्या लेबलवर ज्या अशुद्धी लिहिल्यात, त्यांत लोखंडाचंच नाव आधी आहे. बाटलीतून चुकून आलं असं लिहिलं तर शोध कसा वाटेल? अपघात वाटेल."

"मी काही मिसळलं नाही, सर. तुम्हीही सांगितलं नाहीत. लोखंडच आहे हे तरी कोणी तपासलंय?"

"किती ताणतेस? तुम्हाला जागा सवलतीत मिळते, आता शोधही सवलतीत हवा का?"

खरं सांगते, तोवर मी सौदाच करत होते. पहिल्या नावावर कदाचित अडून बसले असते, कदाचित दुसऱ्यावर मानलंही असतं. या वाक्यानंतर माझ्या डोक्यातला तराजूच खाली आला. हा माणूस मला माझीच वस्तू विकत होता. वर मला मेहेरबानीत देत होता. आणि बदल्यात माझ्याकडून खोटं मागत होता.

खिशात लाल पट्टीचा चिमटा होता. तो त्यांच्या काचेच्या टेबलावर आपटला. काच तडकली नाही, पण बाहेरची माणसं दारात आली.

"हा तुमचा चिमटा. हात धुवून धरा," मी म्हटलं. "माझं नाव नको. माझे तुकडे परत द्या."

तुकडे मिळाले नाहीत. पीएच.डी.ही मिळाली नाही. पीएच.डी.च्या कागदांवरच्या सहीसाठी फिरत राहिले, खोल्यांतून, मजल्यांवरून, मग सोडलं. घरी आले तेव्हा आईने एवढंच विचारलं, "वानगी हाय ना?" म्हटलं, आहे. ती म्हणाली, "मंग जेव."

पेपर आला. नाव सरांचं, नाव निनादचं. पहिल्याच परिच्छेदात लिहिलेलं, आम्ही हेतुपुरस्सर लोखंडाचे अणू मिसळले. आणि खाली स्फटिकाचा फोटो, मोजपट्टीच्या कागदावर ठेवलेला. एक कड गुळगुळीत, दुसरी मोडलेली. मोडलेल्या कडेला करवतीच्या दातासारखी एक खाच. मी ती खाच ओळखली. ती माझ्या नखाखाली मोडली होती.

फळीवरची बाटली काढली. आतल्या तुकड्याच्या कडेला तसाच एक दात बाहेर आलेला. जिथं त्यात खाच, तिथं माझ्यात दात.

तेव्हाही मी गप्प बसले. पोट भरायचं होतं. शहापुरात आसनगावच्या बाजूला एक गाळा भाड्याने घेतला. भंगारातून एक भट्टी आणली, दुरुस्त केली, मग दुसरी. वीज गेली की महिन्याचं काम वाया, म्हणून बॅटऱ्यांसाठी दुकानदारांशी भांडले, एकाला रडवलं. आज मी स्फटिक करून देशभरातल्या प्रयोगशाळांना विकते. मला डॉक्टर कोणी म्हणत नाही, पण माझ्या मालाची तक्रार कोणी करत नाही. प्रत्येक स्फटिकाची वानगी माझ्या कपाटात असते.

मग एक फोन आला. दक्षिणेकडच्या एका प्रयोगशाळेतली मुलगी. माझं गिऱ्हाईक. आवाज रडवेला.

"दीदी, आप आयर्न डालकर क्रिस्टल बना दोगे? मुझसे नहीं हो रहा. पेपर में लिखा है वैसा ही कर रही हूँ. आयर्न अंदर जाता ही नहीं, अलग कंकड़ बनकर बैठ जाता है."

"कौन से पेपर में?"

तिने नाव सांगितलं. सरांचा आणि निनादचाच पेपर.

"मेरे सर कहते हैं मेरा हाथ खराब है," ती म्हणाली.

मेरा हाथ खराब है. मला बेसिनचा आवाज ऐकू आला. माझ्या गाइडच्या एका खोट्या ओळीमुळे कुठल्या कुठे ही पोरगी रोज भट्टी लावत होती, रोज नळी फोडत होती आणि रोज ऐकून घेत होती. किती जणी असतील? मी गप्प बसल्यामुळे त्यांचं खोटं चाललं आणि तिचे हात घाण ठरले.

"तेरा हाथ ठीक है," मी म्हटलं. "पेपर झूठा है. एक काम कर. तुम्हारे यहाँ जाँच की मशीन है ना? मैं एक टुकड़ा भेजती हूँ. पैसा नहीं, जाँच करके दे. बदले में तेरा क्रिस्टल मुफ़्त."

दात असलेला तुकडा मी हलवला नाही. त्याच लॉटमधला दुसरा पाठवला. उत्तर आलं. लोखंड जवळजवळ नाहीच. मँगनीज. कॅडमियमच्या जागी मँगनीज बेमालूम जाऊन बसतो, म्हणून माझे स्फटिक स्वच्छ दिसत होते. लोखंड तसं बसत नाही, म्हणून त्या मुलीचे खडे होत होते. जो कधी मिसळला नाही तो पदार्थ मुद्दाम मिसळला असं सरांनी लिहिलं. आणि जो होता तो तपासायचे कष्टसुद्धा घेतले नाहीत.

मी संस्थेकडे तक्रार केली. समिती बसली. मला बोलावलं. तीच इमारत. टेबलापलीकडे तीन माणसं, मधोमध एक मॅडम, आवाज मऊ. माझ्या हातात दात असलेल्या तुकड्याची बाटली.

"इतकी वर्षं का गप्प होतात?"

"पोट भरत होते, मॅडम."

"हा तुकडा संस्थेची मालमत्ता आहे. तो तुम्ही घरी नेलात. हे आमच्या दृष्टीने गंभीर आहे."

"ज्या दिवशी नेला त्या दिवशी तो कचरा होता. सरांनी सगळ्यांसमोर फेकून दे म्हटलं होतं. मालमत्ता कधी झाला? छापल्यावर?"

एक जण खोकला. मॅडमनी कागद सरळ केले.

"बरं. तो तुकडा जमा करा. आम्ही तपासून कळवू."

त्यांनी हात पुढे केला. तळहात वर, बोटं थोडी वाकलेली. तो हात मला पाठ आहे. धसईत असा हात पुढे आला की आई पोत्याचं तोंड मुठीत धरायची.

"जमा नाही करणार," मी म्हटलं. "दाखवीन. माझ्यासमोर तपासा. पण माझ्या हातातून जाणार नाही."

"तुमचा आमच्यावर विश्वास नाही का?"

"नाही, मॅडम."

सरळ सांगितलं. त्यांना राग आला. येऊ दे. तेव्हापासून पत्र नाही, फोन नाही. निनादला फोन केला तर म्हणाला, "तुला माहितीये ना सगळं, मला कशाला ओढतेस?" मला माहितीये. मला ते तुझ्या तोंडून हवंय, निनाद. चुंबकासमोर तू काय म्हणाला होतास ते त्या टेबलासमोर म्हण.

मी गाळ्यात येरझारा घालते. भट्टी बघते, घड्याळ बघते, कपाट उघडते, बंद करते. आई आता थकलीय, बाजारात बसत नाही, पण रोज संध्याकाळी विचारते, "काय म्हनलं ते लोक?" मी म्हणते, काही नाही. ती म्हणते, "मंग तू बोल."

म्हणून बोलतेय. समितीने बंद दाराआड काय ठरवायचं ते ठरवावं, मी वाट बघणार नाही. माझं म्हणणं उघड आहे आणि मी ते प्रत्येक प्रयोगशाळेला पाठवणार आहे. त्या मुलीच्या गाइडला सगळ्यात आधी.

सर, तुमच्याकडे माझा अर्धा तुकडा आहे. फोटोतला, खाच असलेला. तो बाहेर काढा. मी माझा घेऊन येते, दात असलेला. टेबलावर दोन्ही जोडू. सगळ्यांसमोर, त्याच खोलीत, जिथं बेसिन आहे. कडा जुळल्या की दोन्ही एकाच यंत्रात घालू आणि आत काय आहे ते मोठ्याने वाचू.

मॅडम, तुकडा मागू नका. त्यांना बोलावा.

आणि सर, येताना एकाच प्रश्नाचं उत्तर घेऊन या. तुम्ही लिहिलंत, मुद्दाम मिसळलं. मग सांगा, तुम्ही काय मिसळलंत?